ढीग फसवतो, लांबी बोलते

मुंबईच्या ससून डॉकवर लिलावाची हाक पडण्याआधी मासे मोजणाऱ्याला फार थोडा वेळ मिळतो. पापलेटाचे तोंड मापाच्या फळीच्या टोकाला टेकवायचे, शेपटी सरळ करायची, आकडा लिहायचा, पुढचे उचलायचे. माल लहान-मोठा असा निवडून झाला असेल तर प्रत्येक ढिगातले मासे घ्यावे लागतात. नुसता मोठ्यांचा ढीग मोजला तर सारा दर्या धडधाकट वाटतो.

थंड समुद्रातल्या माशाचे वय त्याच्या कानातल्या हाडावरच्या वलयांवरून वाचता येते. आपल्या उबदार पाण्यात वर्षाची वलये तितकी स्पष्ट उमटत नाहीत, म्हणून लांबीवर भिस्त. दर महिन्याच्या लांब्या आलेखावर मांडल्या की एका वेळी जन्मलेल्या पिल्लांचा उंचवटा दिसतो आणि तो महिन्यागणिक पुढे सरकतो. त्यावरून वाढ कळते. थोराड मासे किती झपाट्याने विरळ होतात, त्यावरून मृत्यूचा वेग काढतात; त्यातून नैसर्गिक मृत्यू वजा केला की जाळ्याचा वाटा उरतो.

एवढा खटाटोप कशाला? किती मासळी उतरली ते पुरत नाही का?

नाही पुरत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापुढे कॉड मासा घटत होता, तरी 1980च्या दशकात खोल समुद्रातल्या ट्रॉलरांना ताशी भरपूर मासळी मिळत होती. उरलेले कॉड दाटीने एकत्र येत आणि यंत्रे ट्रॉलरांना नेमकी तीच जागा दाखवत. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार मात्र मासा कमी झाला, बारीक झाला, असे सांगत होते. 2 जुलै 1992 रोजी बंदी आली. दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली ती बंदी उठायला 2024 साल उजाडले.

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटाला राज्यमासा केले आणि 54 जातींची किमान लांबी ठरवली. पापलेटासाठी ती 135 मिलिमीटर. नियम हवाच होता. पण बंदरावर मोजलेले पिल्लू मेलेलेच असते, त्याला परत सोडून उपयोग नाही. ते वाचवायचे तर जाळ्याच्या आसाकडे, म्हणजे छिद्राच्या मापाकडे, वळावे लागते. बोंबील आणि जवळ्यासाठी लावलेल्या डोल जाळ्याच्या खोल्यात, म्हणजे टोकाच्या पिशवीत, पापलेटाची पिल्लेही अडकतात, आणि आस मोठा केला तर जवळा निसटतो. डोलकराची रोजची कमाई त्या जवळ्यातही असते. म्हणून कुठल्या खाडीपुढे, कुठल्या महिन्यात पिल्ले दाटतात, हे आधी नेमके कळायला हवे, आणि ते फळीवरच्या आकड्यांतूनच कळेल.