गुरुजी, खाली बसा!

मास्तरकीने मला एक खोड लावली आहे. चार पोरे दिसली की मी उभा राहून ती मोजू लागतो. या खोडीपायी एकदा अकरा मुले आणि मी, असे सगळेच बुडायचे होतो.

पिंपळगाव जोगा धरण आमच्या ओतूरपासून जवळच. तेथल्या एका उघड्या होडीत मी मुलांना बसविले. काठ सुटला आणि मी सवयीने उठून 'एक, दोन' करू लागलो. होडी कलली. मुले घाबरून माझ्याच अंगाला सरकली. होडीची कड पाण्याला टेकली, ओंजळभर पाणी आत आले.

"गुरुजी, खाली बसा! पोरांनो, हलू नका!" होडीवाला म्हातारा ओरडला.

मी मुकाट्याने तळाशी बसलो. होडी सावरली. म्हातारा एवढेच म्हणाला, "मोजायचं ते काठावर, गुरुजी."

मॅट्रिकला आर्किमिडीज मला तोंडपाठ होता. होडी का तरंगते हे मी झोपेतही सांगितले असते. ती का उलटते, हे मात्र कधी मनात आले नव्हते. मग पुस्तके चाळली. होडी कलली की पाण्याचा रेटा कललेल्या अंगाकडे सरकतो आणि तिला पुन्हा सरळ करू पाहतो. पण आतला भार जितका उंच, तितका हा आधार दुबळा. १७४६ साली पिएर बुगेर या फ्रेंच पंडिताने हे गणित मांडले. आत शिरलेले पाणी तर घरभेदीच! होडी कलेल तिकडेच ते धावते आणि तिला आणखी कलविते.

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यावर कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले. आमच्या मांडवीचे पाणीही कुकडी, घोड, भीमा करीत अखेर तेथेच जाते. ती बातमी वाचताना माझ्या पायांखालची फळी पुन्हा कलली. तेथे वादळ तरी होते. माझ्या होडीला वाऱ्याची झुळूकही लागली नव्हती. होता तो फक्त उभा राहिलेला एक मास्तर.

त्या दिवशी उतरल्यावर मी मुले मोजली. अकरा भरली. तरी पुन्हा एकदा मोजली. या वेळी मात्र खाली बसून. पाय अजून थरथरत होते.