कधी जमा, कधी नावे

बिघाड दोन प्रकारचे. एक प्रामाणिक, गाडी बंद म्हणजे बंद. दुसरा सुट्टीवरच्या साहेबासारखा. असतो, पण विचारायला गेलं की जागेवर नसतो. आमच्या सासऱ्यांच्या १९६४च्या फियाट अकराशेला हा दुसरा जडला होता. चार्जिंगचा लाल दिवा मनाला येईल तेव्हा लागायचा आणि मिस्त्री समोर आला की हटकून विझायचा.

सरकारने २०२१ साली पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना विंटेजचा मान आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी देऊ केली, तेव्हापासून आबांची मान ताठ. पण मेव्हण्याने 'विकून टाका' म्हणून लकडा लावलेला, आणि रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. तीन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या होत्या. पगार जमा होत नाही म्हणून दर वेळी नवं पासबुक द्यावं, तसं!

मी पडलो बँकेतला कारकून. आर्मेचर कळत नसलं तरी जमाखर्च कळतो. बॅटरी म्हणजे खातं. दिवे, हॉर्न ही नावेची बाजू. पगार टाकणारा डायनॅमो. मधे कट-औट नावाचा शिपाई : डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा जास्त असला तरच दार उघडायचं, नाहीतर खात्यातले पैसे उलटे पगार देणाऱ्याकडेच जायचे. (असा एक शिपाई आमच्या घरी हवा होता.) सिग्नलला इंजिन मंदावलं की डायनॅमोलाही दम नसतो, तेव्हा लाल दिवा लुकलुकला तर माफ. पण भर रस्त्यात चाळिशीच्या वेगाला लागला, तर हिशेबात फरक आहे.

फरक शोधायची बँकेतली रीत एकच. बेरीज कुठपर्यंत जुळते ते बघायचं. गल्लीतला वायरिंगवाला पोरगा काट्याचं मीटर घेऊन आला. इंजिन थंड असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास. झकास! दुखणं गरम झाल्यावरचं, म्हणून वीस मिनिटं गाव हिंडवून आणली. दिवा लागला! लाल दिवा बघून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. बॅटरीवर जेमतेम १२. पोराने मीटर थेट डायनॅमोच्या तोंडाशी लावलं. काटा तिथेच पडलेला. म्हणजे शिपाई निर्दोष. पगारच निघाला नव्हता.

पट्टा ताठ होता. पोराने डायनॅमोच्या मागची पत्र्याची पट्टी सरकवली आणि लाकडी काडीने एक कार्बन हळूच दाबला. दिवा विझला. काडी काढली, लागला. झिजून आखूड झालेला कार्बन, गरम झाला की आपल्याच भुकटीत अडकून बसायचा, आर्मेचरला टेकायचाच नाही. थंड झाला की पुन्हा कामावर रुजू.

"काका, बॅटरी चांगलीय तुमची," पोरगा म्हणाला. आबा काही बोलले नाहीत. त्याच्या हातातली काडी घेऊन त्यांनी स्वतः दोनदा दाबून पाहिलं.

नवी कार्बनची जोडी बसली. रविवारी गिऱ्हाईक आलं. आबांनी त्याला भर दुपारी हेडलाइट लावून, हॉर्न वाजवत पाऊण तास फिरवलं. लाल दिवा चिडीचूप. मग त्याने किंमत विचारली. आबांनी असा काही आकडा सांगितला, की बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

मेव्हणा अजून माझ्याशी धड बोलत नाही.