चाळीसगावचा टांगा आणि माझी पालिओ

गेल्या पावसाळ्यात विहारातली बैठक आटोपून बाहेर पडलो, तर चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते माझ्या गाडीपाशी उभे होते. गाडी म्हणजे लाल रंगाची, २००२ सालची फियाट पालिओ जीटीएक्स. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय रे, कार्यकर्त्याला असली गाडी शोभते का?" त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर एका गृहस्थांनी विचारलं, "साहेबांची गाडी का?" म्हणजे मी ड्रायव्हर, आणि साहेब दुसरीकडे कुठेतरी.

एक प्रश्न आपल्या माणसाचा, दुसरा परक्याचा. एकाच्या मते ही गाडी माझी असू नये, दुसऱ्याच्या मते ती माझी असूच शकत नाही. दोघांना उत्तर द्यायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता लक्षात आलं की तिसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो मलाच विचारायला हवा.

आधी गाडीबद्दल. खरी स्पोर्टी गाडी म्हणजे दोन दारांची कूपे. मागे बसणाऱ्याची सोय नाही, सगळा विचार चालवणाऱ्याचा. शाळेत माझ्या कंपासपेटीवर अशाच एका कूपेचं स्टिकर होतं. आपल्या बाजारात तशा गाड्या फार आल्या नाहीत, आल्या त्या आपल्या खिशाच्या नव्हत्या. पण २००१ मध्ये पालिओ आली आणि तिच्यात १.६ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, १०० अश्वशक्तीचं इंजिन मिळू लागलं. चार दारांची छोटी गाडी, पण काळीज कूपेचं. तेव्हा मी आठवीत होतो.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, तालुक्याच्या गावी एका कंत्राटदाराकडे सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. त्या बंगल्यात त्यांचा चहाचा कप अंगणातल्या नळाजवळच्या कोनाड्यात वेगळा असायचा. गाडीची किल्ली त्यांच्या हातात, मालकाचा जीव त्यांच्या हातात, कप मात्र वेगळा. कंत्राटदाराच्या मुलाने पालिओ १.६ घेतली तेव्हा ती धुवायला मी दादांबरोबर जायचो. टायर पुसायची परवानगी होती. एकदा दार उघडं दिसलं म्हणून स्टिअरिंगमागे बसलो, तर वरून आवाज आला, "उतर, सीटला डाग पडतील." दादा काही बोलले नाहीत. फडकं पिळत राहिले.

माझी गाडी ती नव्हे. तसं सिनेमात होतं. ही मी २०१९ मध्ये पंच्याऐंशी हजाराला घेतली, एका निवृत्त प्राध्यापकांकडून. घरी आणली तेव्हा दादा म्हणाले, "सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरून तुला एम.ए. केलं, आणि तू पुन्हा स्टिअरिंगलाच?" मी म्हणालो, "दादा, हे आपलं आहे." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डिपस्टिक काढ. ऑईल बघू."

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे येतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला व्हेब्लेन शिकवला. १८९९ च्या पुस्तकात त्याने दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली: श्रीमंत माणूस वस्तू वापरण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त घेतो. बरोबर आहे. पण ज्याच्या आजोबाला गावात चप्पल हातात घेऊन चालावं लागत होतं, त्याच्या नातवाने चांगला बूट घातला तर त्याला दिखाऊ उपभोग म्हणायचं का? व्हेब्लेनने आपल्या गावचा महारवाडा पाहिला नव्हता. कार्यकर्ता म्हणजे खादीची पिशवी आणि फाटकी चप्पल, ही प्रतिमा आपली नाही. ती दुसऱ्या आश्रमातून आली आहे. बाबासाहेबांनी सूट घातला आणि पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाचा सडेतोड समाचार घेतला. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवायचं तर फुरसत हवी आणि फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आणि ज्यांना तृष्णेची आठवण होते त्यांनी सिगालोवाद सुत्त काढून वाचावं. गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन कामधंद्यात घालावेत, चौथा अडचणीसाठी राखावा, असं तिथे सांगितलं आहे. उपभोगाचा भाग तथागतांनी शून्य ठेवलेला नाही. (माझा तो भाग पेट्रोलवरच संपतो हे मान्य. ही गाडी शहरात लिटरला नऊ-दहाच्या वर जात नाही.)

पंपावरच्या गृहस्थांना उत्तर द्यायची गरज नाही. आरसी बुक माझ्या नावावर आहे.

इथपर्यंत लेख सोपा होता. हक्काची भाषा आपल्याला पाठ आहे. वस्तू मिळवण्याबद्दल आपण भरपूर बोललो, आणि बोलायलाच हवं. या राज्यात, शिर्डीत, २०१५ मध्ये मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा खून झाला. गाडीत आपलं गाणं लावणं ही गोष्ट आपल्याकडे अजून साधी झालेली नाही. पण मिळालेली वस्तू राखायची कशी, याबद्दल आपण काय बोलतो? इथे माझीच चूक सांगतो.

गाडी घेतली तेव्हा रोशन गेटच्या बाजूच्या गॅरेजमधले उस्ताद म्हणाले होते, "भाई, सबसे पहले टायमिंग बेल्ट. पुराना कब बदला, किसको मालूम?" इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. हा ताल धरून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो कव्हरच्या आत असतो. आवाज करत नाही आणि बहुतेक वेळा तुटण्याआधी काही सांगत नाही. गाडी कमी चालली असली तरी रबर वयाने सुकतं. आणि या इंजिनात तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून ते वाकवतो. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून तेव्हा अकरा हजारांचं काम होतं. मी ते पुढे ढकललं. त्या पैशात अलॉय व्हील आणि चांगले स्पीकर बसवले. बोनेटवर निळ्या अक्षरात जय भीम लिहून घेतलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये सकाळी फोन आला. एका तालुक्याच्या ठाण्यात आपलं एक कुटुंब बसलं होतं. मारहाण झाली होती, जातीवरून शिवीगाळ झाली होती. ॲट्रॉसिटीची कलमं लावून घ्यायची तर बरोबर कुणी जाणतं माणूस हवं. "दीड तासात पोहोचतो," म्हणालो. करमाडच्या पुढे चालत्या गाडीचं इंजिन एकदम बंद पडलं. पुन्हा चावी फिरवली तर स्टार्टर मोकळाच फिरला, गर्रकन, काहीच न अडता. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला विचारा. गाडी रस्त्याकडेला लोटली, एसटी पकडली, पुढे वडाप. पोहोचलो तेव्हा पाच तास उलटून गेले होते. साधी मारहाणीची नोंद करून कुटुंबाला घरी पाठवलं होतं. ती कलमं वाढवून घ्यायला पुढे दोन महिने झगडावं लागलं, आणि त्या दोन महिन्यांत साक्षीदारांपैकी एकाने माघार घेतली. ठाण्यातल्या लोकांचा दोष होताच, तो मी तेव्हा लिहिलाही. अकरा हजारांच्या पट्ट्याचं मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. ते आज लिहितो आहे.

सोळापैकी नऊ व्हॉल्व्ह वाकले होते. लगेच लॉकडाऊन लागला आणि गाडी उस्तादांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. पालिओ बंद होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि फियाटच्या गाड्यांची आपल्याकडची विक्रीही थांबली होती. म्हणून २०२१ च्या जानेवारीत पाठीवरच्या पिशवीत जुना टेन्शनर आणि दोन वाकडे व्हॉल्व्ह घेऊन देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, तिथून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. पद्मिनी ज्या कुर्ल्यात बनली तिथेच पालिओही बनत होती. आज त्याच कुर्ल्यात तिचे सुटे भाग खोललेल्या गाड्यांच्या ढिगातून निघतात. एका दुकानातल्या चाचांनी माझ्या हातातला व्हॉल्व्ह नुसता पाहून सांगितलं, "वन पॉइंट सिक्स. बेल्ट नहीं बदला ना?" मला एवढी लाज एम.ए.च्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती.

त्यानंतर उस्तादांना म्हणालो, काम करा, पण मला बघू द्या. ते म्हणाले, बघून काही होत नाही, कपडे बदलून ये. आठ रविवार गेलो. पाना धरायला शिकलो, टॉर्क म्हणजे काय ते मनगटाने शिकलो, हेड बसवताना बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे ते शिकलो. गॅरेजमधलं शिक्षण हा समाजशास्त्राच्या प्रबंधाचा विषय आहे. तिथे उस्ताद-शागीर्द नातं आहे, शिव्या आहेत, पिळवणूकही आहे, पण ज्ञान पोथीत बांधून ठेवलेलं नाही. जो हात काळे करील त्याला मिळतं. आपल्याकडे हात काळे करण्याचा धसका आहे आणि त्याला कारण आहे. पिढ्यानपिढ्या घाणीची कामं आपल्यावर लादली गेली, म्हणून शिकलेल्या मुलाने ग्रीसला हात लावू नये असं आईबापाला वाटतं. दादांनाही तसंच वाटत होतं. पण लादलेलं काम आणि स्वतःच्या वस्तूची विद्या यांत फरक आहे. तो फरक आपण पोरांना सांगितला नाही, तर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दरवर्षी दिसतं तेच दिसत राहील. अर्ध्या क्लचवर तीन तास रांगणाऱ्या गाड्या, जळक्या क्लच प्लेटचा वास, रेडिएटरचा पंखा बंद म्हणून कूलंट ओकत उभी राहिलेली एखादी नवी कोरी स्कॉर्पिओ आणि तिच्याभोवती दहा कार्यकर्ते, ज्यांतल्या एकालाही स्टेपनी कुठे असते ते माहीत नाही.

खर्च विचाराल तर लपवत नाही. व्हॉल्व्हचं काम अडतीस हजारांना पडलं, म्हणजे अकरा वाचवायला गेलो आणि वर सत्तावीस घातले. २०२२ मध्ये रीपासिंग आलं. त्याच वर्षी एप्रिलपासून फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, पर्यावरण कर वेगळा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, तर इंजिनाकडे जाणारे सगळे जुने रबरी पाईप बदलून घेतले. या पैशात भाचीच्या एका वर्षाच्या फीला हातभार लागला असता, हे बायको म्हणते आणि ते खोटं नाही.

मागच्या ऑक्टोबरमध्ये दादांना घेऊन चाळीसगावला गेलो. औरंगाबादहून दौलताबाद, वेरूळ, कन्नड आणि मग घाट. घाटात जड वाहनांना बंदी झाल्यापासून रस्ता मोकळा असतो आणि ही गाडी वळणावर अशी चिकटून चालते की सांगता येत नाही. तो आनंद मी कुणाची परवानगी न घेता घेतला. दादा शेजारी बसून एवढंच म्हणत होते, "ब्रेकवर नको. तिसऱ्यात घे. इंजिनाला धरू दे."

चाळीसगाव स्टेशनबाहेर गाडी लावली आणि मी त्यांना 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधली हकिगत सांगितली. १९२९ साल. बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य, बॅरिस्टर. स्टेशनवर तास-दीड तास थांबावं लागलं, कारण एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी जाणं आपल्या माणसांना कमीपणाचं वाटलं. शेवटी टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण हाकणार नाही म्हणाला. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतले. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. टांगेवाला कितीही हलका असो, बॅरिस्टरपेक्षा स्वतःला उंच समजतो, हा निष्कर्ष आपण सगळे भाषणात सांगतो. पण बाबासाहेबांनी तिथे आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. माझी प्रतिष्ठा राखण्याच्या नादात माझ्या माणसांनी माझा जीव धोक्यात घातला, असं ते लिहितात. हे वाक्य आपण गाळतो. मीही गाळायचो. करमाडच्या पुढे थांबलेल्या माझ्या गाडीच्या बोनेटवर जय भीम लिहिलेलं होतं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हाकणाऱ्याचं नाव लिहिलंय का?"

"नाही."

"काय वाटलं असेल रे त्याला."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. बारा-पंधरा वेळा वाचलेली हकिगत, पण लगाम धरणाऱ्याच्या बाजूने एकदाही वाचली नव्हती. सव्वीस वर्षं दुसऱ्याची गाडी हाकलेल्या माणसालाच ते सुचलं.

परतीला मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. नको नको म्हणाले, चष्म्याचं कारण सांगितलं, मग बसले. सीट पुढे ओढली, आरसे लावून घेतले. घाट त्यांनी चढवला. मी ज्या वळणांवर दुसऱ्या गियरवर घालून इंजिन ओरडवलं असतं, तिथे ते तिसऱ्यावर शांतपणे वर आले आणि एकदाही क्लचवर पाय ठेवून राहिले नाहीत. वर पोहोचल्यावर गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, खालची दरी बघायची असेल. ते उतरून बॉनेट उघडायला गेले.

"फडकं आण," म्हणाले. "वरच्या कव्हरमधून ऑईल पाझरतंय. मघापासून वास येतोय, तुला आला नाही?"

पाझरत होतं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, पुढच्या कुर्ल्याच्या फेरीत आणायचं आहे.