फेरोंचे शेजारी

प्राचीन इजिप्तची चित्रलिपी आणि आपली मोडी एकाच मजल्यावर राहतात, माहीत आहे का? युनिकोडच्या इमारतीत म्हणतोय मी. तिथे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. फेरो आधी पोचले, २००९ साली, १०७१ चिन्हांचा लवाजमा घेऊन. मोडी २०१४ साली आली, जेमतेम ७९ चिन्हांनिशी. तिचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी लिहिला होता.

आता कुणी म्हणेल, मोडी वाचायची आणि बाळबोधीत टाइप करायची, झालं! वेगळे नंबर हवेत कशाला?

सांगतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा नसे आणि शब्दही सलग लिहीत. त्यामुळे 'सुत' दिसलं की मुलगा समजायचा की कापसाचं सूत, हे वाचणारा ठरवतो. एकदा 'सूत' टाइप केलं की तो त्याचा अंदाज होता, हे पुढच्याला कळणारच नाही. इजिप्तचंही तेच. तिथे स्वर लिहीतच नसत. उच्चारता यावं म्हणून अभ्यासक मध्ये 'ए' घालतात. तो 'ए' फेरोचा नव्हे, प्रोफेसरांचा!

आपल्या धंद्यात याला रॉ डेटा आणि प्रोसेस्ड डेटा म्हणतात. प्रोसेसिंग झालं म्हणून मूळ लॉग कुणी उडवतं का?

आमच्या खानदेशात हा प्रश्न पुस्तकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवत. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि १९२७ साली तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद टिकले, पण वाचणारे कमी होत गेले. २०२३ साली सरकारने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. एका शब्दाच्या वाचनावर कुणाचा तरी दाखला अडलेला असतो, मंडळी.

असो. घरी जमिनीचे जुने मोडी कागद असतील तर तीन रकाने करा: फोटो, मोडी अक्षरं, बाळबोध वाचन. नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो. फक्त मायएसक्यूएलचं जुनं तीन बाइटवालं 'यूटीएफ-८' वापरू नका. मोडीला चार बाइट लागतात. फेरोंनाही तेवढेच!