कोथरूड ते न्यूयॉर्क : ५८ दिवस, २४ तास आणि एक क्षण

(१/७)
मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात. परतीच्या वाटेवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वारे पाठीशी असतात, म्हणून तो प्रवास थोडा लवकर संपतो. हेच अंतर दीडशे वर्षांपूर्वी किती मोठे होते?

(२/७)
७ एप्रिल १८८३. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. अठरा वर्षे पूर्ण होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला होऊन आफ्रिकेचा वळसा टळला होता. तरीही या प्रवासाला ५८ दिवस लागले.

(३/७)
न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्यासारखे ठेवून घेतले. पती गोपाळराव मात्र मागे, बंगालमध्ये राहिले होते. तारायंत्र होते, पण शब्दागणिक पैसे मोजून मन मोकळे करणे कोणाला परवडणार? भिस्त पत्रांवर, आणि पत्रेही बोटीनेच जात. हाती पडेपर्यंत त्यांतील वर्तमान जुने झालेले असे.

(४/७)
मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते बावीसही नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. पकिप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंची स्मृतिशिला आजही आहे.

(५/७)
१४ मे १९६० रोजी एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमानसेवा न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. वाटेत थांबे होते. पण आठवड्यांचा हिशेब आता तासांवर आला.

(६/७)
आज कोथरूडमध्ये असे कितीतरी जिने आहेत, जिथे एखाद्या तरी घरातील मूल अमेरिकेत असते. चांदणी चौकातून द्रुतगती मार्गाने मुंबईचा विमानतळ सुमारे १५० किलोमीटर, तिथे उड्डाणाआधी तीन तास पोहोचायचे, मग विमान. रोझेल तर नेवार्क विमानतळापासून काही मैलांवरच. दारापासून दारापर्यंत साधारण २४ तास.

(७/७)
आनंदीबाईंच्या काळी निरोप आणि माणूस जवळपास एकाच चालीने प्रवास करत. आज निरोप क्षणात पोहोचतो. माणसाला मात्र एक दिवस लागतोच. कोथरूडच्या रुग्णालयात पहाटे दाखल केलेली आई न्यू जर्सीतील मुलीला आदल्या संध्याकाळीच पडद्यावर दिसते. मुलगी तिच्याशी बोलू शकते, डॉक्टरांना प्रश्न विचारू शकते. आईचा हात मात्र हाती घेता येत नाही. ५८ दिवसांचे २४ तास झाले, आणि तरीही त्या घरांना आज सर्वांत लांब वाटतात ते हेच २४ तास.