वेरुळास आलेला गुप्तहेर

गुप्तहेरकथा वाचणाऱ्या प्रौढ माणसाकडे आपल्या समाजात किंचित दयाबुद्धीनेच पाहिले जाते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजाराने आणि धनंजयाने असंख्य मराठी माणसांस वाचनाची गोडी लावली. परंतु त्या पुस्तकांची जागा दिवाणखान्यातल्या कपाटात नव्हती, ती उशीखाली होती. आम्ही मात्र हा शौक कधी लपविला नाही. चांगला गुप्तहेर हा चांगल्या विद्यार्थ्याचा सख्खा भाऊच होय, असे आमचे मत आहे. आणि ज्याच्यामुळे ते दृढ झाले तो गुप्तहेर बेकर स्ट्रीटवर राहणारा नसून कलकत्त्याचा आहे, इतकेच नव्हे तर कथेपुरता का होईना, आमच्या मराठवाड्यात येऊन गेलेला आहे.

सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ मासिकातून प्रदोष मित्र ऊर्फ फेलूदा यास वाचकांपुढे आणले. पुढे अशोक जैन यांनी त्याच्या कथा मराठीत आणल्या. त्यांपैकी ‘कैलाशे केलेंकारी’ ही १९७३ सालची कथा आमच्या विशेष आवडीची. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरील यक्षीचे मस्तक कोणी तोडून एका अमेरिकन ग्राहकास विकतो. ग्राहकाचे विमान कोसळते, मस्तक नाहीसे होते, आणि त्याचा माग काढीत फेलूदा वेरुळास येऊन पोहोचतो. पुढचे सांगून वाचकांचा रसभंग आम्ही करीत नाही.

ही कथा वाचून वसमत येथील आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एका दगडी मुंडक्यासाठी एवढा खटाटोप कशाला?” प्रश्न साधा होता, पण फेलूदाचा थोरपणा नेमका त्याच्या उत्तरात आहे. या प्रकरणात त्याच्यापाशी कोणी अशील आलेला नाही, की कोणी फी देऊ केलेली नाही. हजार वर्षांपूर्वीच्या अनाम शिल्पकाराची बाजू घेणारा कोणी नाही, म्हणून ती तो स्वतः घेतो. दुसऱ्याची वस्तू चोरीस गेली असता हळहळणारे पुष्कळ आढळतात. सर्वांची वस्तू चोरीस गेली असता ती आपलीच गेली असे मानून संतापणारे मात्र विरळा.

आणि हा संताप त्याच्या डोळ्यांवर चढत नाही, हा त्याचा दुसरा गुण. कोठे जावयाचे असले की आधी त्या स्थळाविषयी वाचावे, मग जाऊन पाहावे, आणि पाहिल्यावाचून बोलू नये, ही त्याची रीत. सूर्याभोवती पृथ्वी फिरते हे आपणांस ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही, असे शेरलॉक होम्स १८८७ सालच्या आपल्या पहिल्याच कथेत बेदिक्कत सांगतो. फेलूदा होम्सला गुरू मानतो खरा. परंतु जगातील कोणतेही ज्ञान त्यास अडगळ वाटत नाही. जे स्वतःस ठाऊक नसेल ते सिधू ज्येठांना विचारण्यात त्यास कमीपणाही वाटत नाही. लालमोहनबाबू आपल्या रहस्यकादंबऱ्यांत भलभलत्या चुका करतात. त्या तो हसून दुरुस्त करतो, आणि मित्र मात्र दुखावत नाही. अध्यापनाच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर या शेवटच्या गुणाची किंमत आम्हांस फार वाटते.

मूळ प्रकरणाचा धागाही सिधू ज्येठांमुळेच हाती लागतो. विक्रीस निघालेले ते मस्तक कोणत्या देवळाचे हे ओळखणारा एक तरी माणूस शहरात होता, म्हणून गुन्हा हा गुन्हा ठरला. एरवी तो साधा व्यापार ठरला असता. ही काही कादंबरीपुरतीच गोष्ट नव्हे. तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली विकत घेतला होता. तो २०१४ साली भारतास परत मिळाला. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी कधीतरी देवळांची छायाचित्रे घेऊन जपून ठेविली होती, त्यांतून त्याची ओळख पटली. प्राचीन वस्तूंच्या रक्षणार्थ १९७२ चा कायदा आहे. परंतु जी वस्तू कोणी पाहून ठेविली नाही, तिच्यापुढे कायदाही हतबल होतो.

वसमतेहून औंढा नागनाथ जवळच आहे. तेथील मंदिराच्या बाह्य भिंतींवरील मूर्तींपैकी कित्येकांचे हात, कित्येकांची मुखे भंगलेली आहेत. भाविक नागनाथाचे दर्शन घेऊन बाहेर पडतात. भिंतीपाशी थांबणारे थोडे. ते तरी प्रसिद्ध क्षेत्र. आमच्या भागातील खेड्यांत लिंबाखाली, बारवेच्या कोनाड्यात, शेंदराने माखलेल्या कितीतरी मूर्ती उभ्या आहेत. त्यांपैकी एखादी उद्या रातोरात नाहीशी झाली, आणि फेलूदा खरोखरच गावात आला, तर तो पहिला प्रश्न चोराविषयी विचारणार नाही. मूर्ती किती उंच होती, उजव्या हातात काय होते, डावा हात कोठे तुटलेला होता, हे तो विचारील. पिढ्यान्‌पिढ्या तिला हळदकुंकू वाहणाऱ्या गावात या प्रश्नांची उत्तरे देणारा कोणी निघेल काय, हे आम्ही त्या विद्यार्थ्यास विचारले. त्याने आपल्या गावच्या मूर्तीविषयी बराच वेळ आठवून पाहिले, आणि शेंदूर तेवढा आठवतो, असे सांगितले.