गोष्टीतली दया

दिवेलागण होते, जेवणे आटोपतात आणि घरातले लहान मूल आजीच्या कुशीत शिरून म्हणते, "गोष्ट सांग ना!" हे दृश्य जसे कोकणातल्या खेड्यात दिसते, तसेच बंगळूरच्या शिवाजीनगरातही दिसते. 1927 साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांतून कन्नड, तमिळ, उर्दू अशा कितीतरी भाषा कानांवर पडतात. तेथील मराठी घरातले मूल शाळेत एक भाषा शिकते, रस्त्यावर दुसरीच बोलते. मायबोली त्याला मनसोक्त भेटते ती रात्रीच्या गोष्टीत.

गोष्टींना मात्र भाषेची वेस अडवीत नाही. पंचतंत्रातल्या कथा 11व्या शतकात दुर्गसिंहाने कन्नडमध्ये आणल्या. त्याच कथा पेहलवीतून अरबीत गेल्या आणि 'कलीला व दिम्ना' या नावाने दूरदूरच्या देशांत पोहोचल्या. इसापाच्या कथांचा मराठीतला प्रवास तर बंगळूरशी दूरचे नाते सांगतो. 1638 साली बंगळूर शहाजीराजांकडे आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी पुढे तंजावरला आपले राज्य स्थापन केले. त्याच घराण्यातील सरफोजीराजांच्या काळी, 19व्या शतकाच्या पहिल्या दशकात, इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने तंजावरला मराठीत छापल्या गेल्या. मराठी मुलखापासून इतक्या दूर, मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक निघाले, ही लहान बाब नव्हे.

परंतु छापलेली गोष्ट मुलाला सांगताना नव्याने घडवावी लागते. सिंह आणि उंदीर यांचीच कथा घ्या. उंदीर पंजात सापडतो, प्राणांची भीक मागतो, सिंह त्याला सोडून देतो. पुढे सिंह जाळ्यात अडकतो, तेव्हा तोच उंदीर दोर कुरतडून त्याला मोकळे करतो. तात्पर्य ठरलेले असते : उपकाराची फेड उपकाराने होते.

अशा वेळी एखादा नातू मध्येच विचारतो, "आजी, आणि उंदीर आलाच नसता तर? मग सिंहाचं चुकलं असतं का गं?"

प्रश्न साधा नाही. परतफेड मिळाली म्हणूनच दया योग्य ठरत असेल, तर ती दया कसली? ती सावकारी झाली. म्हणून जाणती आजी ठरलेल्या तात्पर्याकडे धाव घेत नाही. ती म्हणते, "नाही रे बाळा. हा एवढासा जीव आपल्या काय कामी येणार, असं म्हणून सिंह हसला होता ना? तरी त्यानं त्याला सोडलं. राजा तो तेव्हाच झाला."

मूल गप्प होते. कदाचित दुसऱ्या दिवशी दारातल्या कुत्र्याच्या पिलाला ते खडा मारीत नाही. कदाचित मारतेही, संस्कार एका रात्रीत होत नसतात. गोष्ट पुन्हा सांगावी लागते, आणि ती पुन्हा ऐकायला मुलांना आवडतेच.

ही गोष्ट सांगण्यासाठी पदवी लागत नाही. ज्यांना अक्षरे उशिरा भेटली, त्यांच्याजवळही आईकडून, आजीकडून ऐकलेले हे धन असते. ते दिल्याने कमी होत नाही. जवळ दडवून ठेवले तरच हरवते.